समुपदेशक येईपर्यंत काय?



‘समुपदेशक नेमल्याशिवाय खेड्यातल्या मुलांना कॉलेजची वाट कळणार नाही’ हे गेल्या अंकातील पत्र अर्धेच पटले. पद जरूर मंजूर व्हावे. पण जिथे गणिताच्या शिक्षकाचीच जागा रिकामी राहते, त्या दहावीपर्यंतच्या शाळेने वाट तरी किती पाहायची?

आमच्या मुलांचे अडते ते व्याख्यानांवाचून नव्हे, दाखल्यांवाचून. डिप्लोमाला इतर मागास प्रवर्गाच्या राखीव जागेसाठी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, हे निकालानंतर कळते; मग सेतू केंद्रापुढे रांग. म्हणून दिवाळीनंतरच्या पालकसभेतच आम्ही जात, अधिवास, उत्पन्न अशी दाखल्यांची यादी फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यायला लावतो. खर्च खडूचा.

जुलै 2024 मध्ये शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हे सांगताच एका आईने विचारले, “म्हणजे मेसपण फुकट का, सर?” नाही. तेही तिथल्या तिथे सांगावे लागते, नाहीतर पोरगी दुसऱ्याच महिन्यात घरी परतते.

पत्रलेखकांनी सुचवलेले खासगी कॉलेजांचे ‘मार्गदर्शन मेळावे’ मात्र नकोत. ते माहितीपत्रक वाटतात आणि पालकांचे फोन नंबर घेऊन जातात.

त्यापेक्षा सुट्टीत गावी आलेल्या माजी विद्यार्थिनीला तासभर वर्गात बसवा. पोरी तिला खोलीभाडे विचारतात, शेवटची एसटी किती वाजता ते विचारतात. आम्हाला त्यांनी हे कधी विचारलेले नाही.

– एक माध्यमिक शिक्षक, जि. सातारा