दाराबाहेरचा चोखोबा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बुटीबोरीच्या चौकात उभे राहावे, म्हणजे वर्ध्याकडून, चंद्रपूरकडून येणाऱ्या गाड्यांची रीघ दिसते. पुढे निळा झेंडा, आत दाटीवाटीने बसलेली माणसे, मांडीवर शिदोरीचे गाठोडे. सारे निघालेले असतात नागपूरच्या दीक्षाभूमीकडे. यंदा त्या गाड्या पाहताना वर्गातला एक प्रश्न मला पुन्हा आठवला.

त्याचे असे झाले. पावसाळ्यात मी चोखामेळ्याचे अभंग शिकवत होतो. भक्तीची आर्तता, शब्दांचा गोडवा, सारे नेहमीप्रमाणे सांगून झाले. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, चोखोबा एवढे मोठे भक्त, तर मंग ते दाराबाहेरच काहून राहिले? अन् आपण त्याले गोड म्हणतो!"

घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली!

उत्तराच्या शोधात मी घरी आलो आणि हात गेला तो अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या पुस्तकांकडे. जन्माने बाहेर ठेवलेल्या माणसाने देवाशी कसे बोलावे, हा प्रश्न त्यांनाही पडलेला. तिकडच्या गुलामांना मालकांचाच धर्म मिळाला. प्रवचन ठरलेले : धन्याची आज्ञा पाळा. परंतु त्याच बायबलात त्यांना आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून नेणारा मोशे भेटला, आणि त्यांच्या भजनांत ओठांवर देव, पोटात सुटका असे होऊन गेले. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ सालच्या आत्मचरित्राच्या अखेरीस स्वच्छ बजावले, की ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि गुलाम बाळगणाऱ्यांचा वेगळा. जेम्स बाल्डविन पोरवयात हार्लेममध्ये प्रवचने देई. पुढे त्याने चर्च सोडले. परंतु त्याच्या वाक्यांतली प्रवचनाची लय काही सुटली नाही. माल्कम एक्सने तर मालकांचा धर्म टाकून इस्लामची वाट धरली.

चोखोबांच्या अभंगांतही नुसती विनवणी नाही, जाब आहे. मी मात्र गोडवा तेवढा शिकवला! त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, चौदाव्या शतकातली. ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे दारात उभे राहायचे, म्हणजे थोडे का झाले?

इथे आपली कथा अमेरिकेहून वेगळी होते. तिकडच्या गुलामाला मालकाच्याच ग्रंथात सुटकेची गोष्ट सापडली. आपल्याकडे ग्रंथच त्याला बाहेर उभे करीत होते. म्हणून १९३५ साली येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरची पिढी लिहू लागली ती दाराकडे पाठ करून. १९७२ साली मुंबईत तरुण लेखकांनी 'दलित पँथर' काढली, तिचे नावही अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले.

आणि तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेले आपले पुस्तक बाबासाहेबांनी अर्पण केले ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना. घर सोडू पाहणाऱ्याने दारात उभ्या राहिलेल्याला असा नमस्कार केला!

पुढच्या तासाला हे सारे मी त्या मुलीला सांगितले. माझी चूकही कबूल केली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचे पणजोबा छप्पन साली इथूनच पायी गेले होते, सर. परत आल्यावर घरातले देव त्यायनं विहिरीत सोडले."

"आणि चोखोबा?"

"ते राहिले ना. जात्यावर पणजी त्यायचेच अभंग म्हणे."