मेंढीला औषध, पण चरीचं काय?



खतासाठी आपण रानात मेंढ्या बसवतो आणि त्या खंगल्या की दोष धनगराला देतो. हे बरं नव्हे. डोळ्याची आतली कड पांढरी, जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसलं, तर लेंडी तपासून घ्यावी; यकृतात चपटे कृमी असू शकतात. हे कृमी वाढतात पाण्यातल्या गोगलगायीत, आणि तिला पोसतो आपणच, फुटक्या पाटात नि उसाच्या तुंबलेल्या चरीत. तिथलं गवत मेंढीनं खाल्लं की झालं. ऑक्सिक्लोझानाइड मोठे कृमी मारतं, कोवळे मागं राहतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवड्यांनी पुन्हा पाजावं लागतं. पण कळप परत त्याच चरीवर सोडला तर पैसा पाण्यातच. (तुंबल्या रानात ऊसही पिवळा पडतो, ते निराळंच.) निदान मेंढ्या बसवायच्या रानाची चर आधी उपसा आणि कळपाला विहिरीचं पाणी द्या.

— ऊस विकास अधिकारी