नौका कोठे, पक्षी कोठे?

खटाव तालुक्यातील मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२१ साली शासनाने या परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्याच सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, मुनावळे येथे २०२४ साली जलक्रीडा केंद्र सुरू झाले. तेव्हा 'आमच्याही तलावात नौका का नकोत?' असे दुष्काळी खटावातील तरुणाने विचारले, तर त्यात गैर काहीच नाही.

तथापि दोन्ही पाण्यांचा स्वभाव भिन्न आहे. शिवसागर खोल आहे; मायणीचे पाणी उथळ. रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातो. यंत्रनौकांनी ते पाणी घुसळले, तर पक्षी उडून जाईल आणि त्याच्यामागोमाग प्रेक्षकही. व्याजाच्या लोभाने मुद्दलच मोडण्याचा हा व्यवहार होय.

अर्थात केवळ मनाईने कोणाचे पोट भरत नाही. मायणीत वाटाड्याचे काम, मुक्काम, न्याहारी यांचे उत्पन्न गावातच राहिले पाहिजे. आणि शिवसागराने ज्यांच्या जमिनी गिळल्या, त्या धरणग्रस्तांचा तेथील नौकांच्या मिळकतीवर पहिला हक्क मानला पाहिजे. एरवी पर्यटन वाढेल; गाव मात्र काठावरच उभे राहील.