घर दुरुस्त झालं, उतारा कधी होणार?

गेली दहा-अकरा वर्षं मी गावोगाव बायकांच्या बैठका घेते. ‘सही करण्याआधी कागद वाचा’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्याच दादाने माझ्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. म्हणाला, “वाचायचं काय त्यात? मळ्यातलं घर पडायला आलंय. कर्ज काढायचं तर सगळं एकाच्या नावावर पाहिजे.” मी पेन हातात घेतलं होतं, हे आधीच कबूल करते. दादा वाईट नाही. माझ्या एम.एस.डब्ल्यू.ची फी त्यानेच भरली होती. पण का कोण जाणे, मी म्हटलं, “दुरुस्ती तर सुरू होऊ दे, मग करते सही.” पुढचे तीन महिने मी त्या घरी राहिले आणि सहीचा विचार बदलला. कसा बदलला, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं घर औसा तालुक्यात, गावाबाहेर मळ्यात. आजोबांनी बांधलेलं माळवद. दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर दीड-दोन फूट माती. उन्हाळ्यात आत शिरलं की गार वाटतं. आमच्या भागात मात्र या गारव्याची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली असताना, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे 8 हजार माणसं गेली. बहुतेक जण अशाच भिंतींखाली आणि अशाच मातीखाली गाडले गेले. दगडाच्या दोन पडद्यांमध्ये चिपा आणि माती भरलेली, दोन्ही पडदे बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की भिंत फुटते आणि वरची माती खाली येते. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आमचं घर उभं राहिलं, पण दक्षिणेच्या भिंतीला पोट आलं. ते पोट पुढे तीस वर्षं आमच्याबरोबर राहिलं. त्याच भिंतीला टेकून आई दळण निवडायची.

भूकंपानंतर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तशीच हजाराहून जास्त गावांत जुनी घरं मजबूत करण्याचं कामही झालं. त्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने गावागावांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या केल्या. सळई कुठे पाहिजे, सिमेंटचं प्रमाण काय, हे या बायका घरमालकांना समजावून सांगत. म्हणजे बाईला बांधकामातलं कळतं, हे आमच्या भागाने तीस वर्षांपूर्वीच पाहिलेलं आहे. तरीही आमच्या घरची दुरुस्ती ठरली ती पुण्याहून आलेला दादा, गवंडी आणि चुलते यांच्या बैठकीत. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप घेऊन गेल्या.

आता घरात राहतं कोण, ते ऐका. दादा पुण्याला कंपनीत. महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मळ्यात आई, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. गोठ्यात दोन देवणी गायी, एक म्हैस, एक कालवड. वीसेक गावरान कोंबड्या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. संस्थेतला माझा एक प्रकल्प संपून दुसरा सुरू व्हायला तीन महिने होते, म्हणून मी मदतीला गेले.

घर दुरुस्त करायचं आणि जनावरंही सांभाळायची, याचा अर्थ मला तिथे कळला. माणसं चार महिने भाड्याच्या खोलीत राहू शकतात. गाय कुठे राहणार? गोठा घराला लागूनच होता. भिंत उघडायची म्हणून जनावरं लिंबाखाली बांधली. जागा बदलली, दिवसभर हातोड्याचा आवाज, परकी माणसं; थोरल्या गायीने पान्हा चोरायला सुरुवात केली. वहिनी पहाटे, गवंडी यायच्या आधी, तिच्या पाठीवर हात फिरवत अर्धा-अर्धा तास बसायच्या. कोंबड्यांची वेगळीच तऱ्हा. एक खुडूक कोंबडी नेमकी त्या पोट आलेल्या भिंतीच्या कोनाड्यात अंड्यांवर बसलेली. एकवीस दिवस तिला हलवायचं नाही, असं वहिनींनी गवंड्याला बजावलं. तो हसला, पण त्याने आधी उत्तरेची भिंत धरली. माळवदाची माती उतरवली तेव्हा डालं झाकायचं राहिलं आणि रात्री मुंगसाने तीन पिल्लं नेली. दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “तीन पिल्लांचं काय घेऊन बसलात?” अंड्या-कोंबड्यांचा पैसा तेवढा वहिनींच्या हातात राहतो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

काम मात्र चांगलं झालं. वरची माती निम्म्याहून कमी केली, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला. भिंतींना ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यात वाकवलेल्या सळया घातल्या आणि काँक्रीट भरलं, म्हणजे दोन्ही पडदे एकमेकांना धरून राहतात. खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार दिले. दारांच्या वरून चारी बाजूंनी सळयांचा पट्टा फिरवला. या प्रत्येक सिमेंटच्या कामावर पाणी मारावं लागतं, आठ-दहा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा. नाही मारलं तर सिमेंट फुकट. हे पाणी कोणी मारलं? वहिनींनी. एप्रिलच्या उन्हात एका गायीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. बोअरला लाईट असेल तेव्हाच पाणी. जनावरांच्या हौदातून घागर भरायची आणि भिंतीवर मारायची. गवंड्याच्या हिशेबात मजुरी होती, त्याच्या हाताखालच्या माणसाचीही होती. पाणी मारण्याची मजुरी कुठेच नव्हती, कारण ते ‘घरातल्या बाईने’ करायचं असतं.

एक दिवस मी घड्याळ आणि वही घेऊन वहिनींच्या मागे फिरले. पहाटे साडेचारला शेण काढणं, वैरण, धारा. सातच्या आत दूध डेअरीवर. मग स्वयंपाक, लेकरांची शाळा, आईच्या डोळ्यात औषध. मजुरांचा चहा, भिंतींना पाणी, कडबा तोडून टाकणं, बांधावरचं गवत कापून आणणं, पुन्हा पाणी, पुन्हा धारा, कोंबड्या कोंडणं, रात्रीचा स्वयंपाक. दहा वाजता त्या टेकल्या. मी बेरीज केली, तर साडेपंधरा तास. देशपातळीवरचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण 2024 साली झालं. त्यात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांची 88, असा आकडा आहे. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात तर घरकामाबरोबर सरपण आणि वैरण गोळा करणाऱ्या बाईसाठी 93 असा वेगळा संकेतांक आहे आणि तो संकेतांक मिळालेली बाई श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते. गवताचा भारा डोक्यावर असलेली बाई कामकरी नाही, असा त्याचा अर्थ.

आणि घर कोणाचं? दादाच्या म्हणण्याप्रमाणे दादाचं होणार होतं. डेअरीचं सभासदत्व आधीपासून त्याच्याच नावावर, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार पुण्याच्या त्याच्या खात्यात. सिमेंटला पैसे कमी पडले तेव्हा कालवड विकली. तिला जन्मापासून वहिनींनी वाढवलेलं. सौदा फोनवर झाला. टेम्पोत चढवताना ती हंबरत होती. वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत.

त्या रात्री मी वहिनींना मोठ्या अभिमानाने सांगितलं, “मी हक्कसोडीवर सही करणार नाही.” मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, “नका करू ताई. तुमचा हक्क तुम्हाला राहील. माझं काय? माझ्या माहेरी मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सही करून मोकळी झाले. भावाने साडी-चोळी केली. इथं तर मागायला माझं काही नाहीच.”

मैत्रिणींनो, मी निरुत्तर झाले. आपण किती अभिमानाने सांगतो: महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, 2005 च्या दुरुस्तीने तो देशभर आला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. हे सगळं खरं आहे आणि लढून मिळवलेलं आहे. पण हा हक्क मुलीचा. जी त्या घरातून बाहेर पडली, तिचा. जी त्या घरात येऊन शेण काढते, भिंतीला पाणी मारते, तिला नवरा जिवंत असेपर्यंत त्या घराच्या मालकीत काही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहण्याचा हक्क दिला, मालकीचा नाही. माहेरचा हक्क तिने भावाच्या प्रेमापोटी, की भीतीपोटी, सोडलेला असतो. दोन्ही घरी ती पाहुणीच. नणंदेच्या आणि भावजयीच्या भांडणाची इतकी गाणी आपल्याकडे आहेत. पण दोघींच्या हातात एकेक अर्धा कागद आहे आणि दोघींनी तो एकत्र ठेवला तर काय होईल, हे आपण फारसं बोललेलो नाही.

कोणी म्हणेल, नवऱ्याच्या मालकीत बायकोचं नाव हे शहरी खूळ आहे. तसं नाही. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घराला पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतही घर दोघांच्या किंवा बाईच्या नावावर करण्याचा नियम आहे. सरकारी पैशाच्या घराला जो नियम, तो आपल्या घामाच्या घराला का नको? नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. तरीही ज्या घरातून बाईला ‘चालती हो’ म्हणता येतं, तिथे कागदावरचं नाव हा पहिला खांब असतो.

दुसरा आक्षेप माझ्या आईचाच. “बाई, माहेर तुटंल. भावाशी वाकडं घेऊ नको.” ही भीती खोटी नाही. मी सही नाकारल्यावर दादा दोन महिने माझ्याशी बोलला नाही. राखीला आला नाही. पुस्तकातला हक्क आणि राखीचा रिकामा पाट, यांतलं अंतर मला पहिल्यांदा कळलं. बैठकीतल्या बायकांना मी इतकी वर्षं किती सहज सल्ला देत आले, याची लाजही वाटली.

शेवटी दिवाळीत आम्ही बसलो. मी ती वही दादापुढे ठेवली. माझा हिस्सा बाजूला ठेव म्हटलं, आधी हे वाच. त्याने साडेपंधरा तासांचं ते पान दोनदा वाचलं. काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात मात्र रजा काढून ग्रामपंचायतीत आला. उतारा अजून आजोबांच्याच नावावर निघाला! वारस म्हणून आईचं, त्याचं, माझं नाव लागलं आणि त्याच्या संमतीने वहिनींचंही. डेअरीचं खातं आता वहिनींच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर वहिनींचं नाव लावायला चुलत्यांचा विरोध आहे, ते अडलेलं आहे. नव्या गोठ्याचं दार पूर्वीसारखंच स्वयंपाकघरापासून लांब, कारण ते ठरवताना कोणी वहिनींना विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. आता रोज तेवढे हेलपाटे जास्त.

म्हणून सांगते. घर दुरुस्तीला काढण्याचा दिवस हा बाईच्या हातातला दिवस असतो. त्या दिवशी सगळ्यांना तिचे हात हवे असतात, तिची जनावरं हवी असतात, तिची सहीही हवी असते. वाळूची पहिली गाडी उतरायच्या आधी उतारा काढून बघा. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते मोठ्याने वाचा. लेकीने सही देण्याआधी भावजयीला विचारावं आणि भावजयीने पाणी मारण्याआधी उताऱ्याचं विचारावं. गोठ्याचं दार कुठे, मोरी कुठे, हौद कुठे, हे जिला रोज तिथे जायचंय तिने सांगावं.

ती खुडूक कोंबडी शेवटी सात पिल्लं घेऊन कोनाड्यातून उतरली आणि मगच गवंड्याने दक्षिणेच्या भिंतीला हात लावला. एका कोंबडीसाठी एकवीस दिवस थांबलं, ते वहिनी ठामपणे बोलल्या म्हणून. आपण स्वतःसाठी तेवढ्या ठामपणे कधी बोलणार?