फट किती ठेवायची, हे फिटरला कोण सांगणार?

ग्रूव्ह्ड कपलिंगच्या कॅटलॉगमध्ये दोन पाइपांच्या टोकांमधली फट मिळते आणि जॉइंट किती कोनात वळेल तेही मिळते. स्ट्रेस अॅनालिसिसचे सॉफ्टवेअर मात्र ताठरता मागते. ती कॅटलॉगमध्ये सहसा नसतेच. मग आपल्यापैकी बरेच जण फ्लेक्सिबल कपलिंग सरळ रिजिड धरून मोकळे होतात, किंवा एक्स्पान्शन जॉइंट टाकून ताठरतेच्या रकान्यात मागच्या प्रकल्पातला आकडा चिकटवतात. आमच्या मते दोन्ही चूक आहे. हा जॉइंट स्प्रिंगसारखा वागत नाही. फटीच्या आत तो जवळजवळ मोकळा असतो आणि फट संपली की एकदम ताठ होतो.

टाकवे बुद्रुकच्या औद्योगिक परिसरात पत्र्याच्या शेडखालून जाणारी 150 एनबीची फायर लाइन घ्या. मावळातल्या हिवाळी पहाटेला पाइप 10 अंशांवर आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याला खेटून 55 अंशांवर जाईल असे धरू. पोलादाचा सहा मीटरचा एक पाइप एवढ्या फरकाने सुमारे 3.2 मिलिमीटर वाढतो. रोल ग्रूव्ह केलेला जॉइंट कागदावर 1.6 मिलिमीटर मिटतो असे धरू; प्रत्यक्षातली तफावत वजा जाता तो सव्वाच्या आसपास धरावा लागतो. म्हणजे दर पाइपमागे दोन मिलिमीटर वाढ शिल्लक राहते. 48 मीटरच्या सरळ लाइनीत ती 16 मिलिमीटर होते. ‘कपलिंग फ्लेक्सिबल आहेत, लूप कशाला?’ हा साइटवरचा नेहमीचा प्रश्न. उत्तर या बेरजेत आहे.

वाढीपेक्षा दाबाचा हिशेब जास्त फसवा आहे. गास्केट पाइपाच्या बाहेरच्या अंगावर बसते, म्हणून थ्रस्ट बाहेरच्या व्यासावर मोजायचा. 165.1 मिलिमीटर व्यासाला 10 बारवर तो सुमारे 21 किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त येतो. फिटरने टोके भिडवून जोडलेली लाइन पंप सुरू होताच या थ्रस्टने ताणली जाते, प्रत्येक फट उघडते, आणि आठ जॉइंटांची मिळून 13 मिलिमीटरची सरक शेवटच्या एल्बोवर किंवा तिथल्या बारीक ब्रँचवर येते. तापमान तसूभरही बदललेले नसते. रिजिड धरलेल्या मॉडेलमध्ये यातले काहीच दिसत नाही.

उलट बाजूही पाहा. फट पूर्ण उघडली की कपलिंगच्या कडा खाचेत अडकतात आणि थ्रस्ट कपलिंगच पेलते. पण उष्णतेने फट मिटू लागली की कडा सैल पडतात आणि तोच दोन टनांचा भार अँकरवर जातो. स्लीव्ह प्रकारच्या कपलिंगला अडकणाऱ्या कडाच नसतात. तिथे टाय-रॉड नाहीतर थ्रस्ट ब्लॉक हवाच. घाट उतरून खोपोलीच्या वीजघराकडे पेनस्टॉक जातात. ते वीजघर 1915 साली सुरू झाले आणि तिथे पाणी 500 मीटरहून अधिक उंचीवरून येते. तिथे थ्रस्टचा हिशेब अंदाजाने उरकणे कुणाला परवडले नसते. आपल्या शेडमध्ये दाब कमी असतो, म्हणून अंदाज खपून जातो, एवढेच.

मॉडेल करायचे ते असे: जॉइंटच्या जागी दोन नोड घ्या आणि त्यांच्यात अक्षीय दिशेला गॅप असलेला रिस्ट्रेंट द्या. आडव्या दिशा बांधून ठेवा आणि वळण्याला वेगळा गॅप द्या. इथे एक खोड आहे. 1.6 मिलिमीटरच्या फटीतून या व्यासाला जेमतेम अर्धा अंश मिळतो, आणि जॉइंट तेवढा वळला की अक्षीय सरकायला काही उरत नाही. सॉफ्टवेअरला हे कळत नाही. ते दोन्ही गॅप पुरेपूर वापरू देते, म्हणजे एकच रुपया दोनदा खर्च करू देते. वाटणी आपणच करून द्यायची. टोके भिडलेली आणि फट पूर्ण उघडी, अशा दोन्ही अवस्था चालवा. हायड्रो टेस्टची केस वेगळी ठेवा. गॅप नॉन-लिनियर असल्यामुळे ऑपरेटिंगमधून सस्टेन्ड वजा करून आलेल्या विस्ताराच्या आकड्यावर दोन्ही केसेसमधली गॅपची स्थिती तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

खरेदी विभागाकडेही लक्ष असू द्या. आयएस 1239 चा 150 एनबी पाइप 165.1 मिलिमीटरचा, तर अमेरिकी मानकाचा 168.3 चा असतो, आणि कपलिंग दोन्ही मापांत मिळतात. शिवाय यादीत नुसते ‘ग्रूव्ह्ड कपलिंग’ लिहिले, तर फ्लेक्सिबलऐवजी रिजिड येऊ शकते. मग रायझरपाशी भूकंपासाठी ठेवलेली लवचिकता गेली. एनएफपीए 13 नुसार 65 एनबी आणि त्यापुढच्या रायझरच्या दोन्ही टोकांपासून सुमारे 600 मिलिमीटरच्या आत फ्लेक्सिबल कपलिंग लागते. आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या विभागात आहे, आणि 1967 चा कोयनेचा भूकंप महाराष्ट्राला माहीत आहे.

तेव्हा वाचकहो, मॉडेलमध्ये धरलेली फट आयसोमेट्रिकवर प्रत्येक जॉइंटपाशी मिलिमीटरमध्ये लिहा. कपलिंगचा प्रकार आणि पाइपाचा बाहेरचा व्यासही त्याच ओळीत द्या. टेस्टपूर्वी फीलर गेज घेऊन एकदा लाइनीखाली स्वतः जा.