चित्रपटाची पारख

"चित्रपट कसा होता?" असे विचारले असता "मस्त" किंवा "भिकार" यापलीकडे उत्तर आमच्या विद्यार्थ्यांकडून क्वचितच मिळते. ही खोड एकट्या मुलांची नव्हे. वडील मंडळीही याच एका मापाने सर्व चित्रपट मोजतात. दूध लिटरने मोजावे व कापड मीटरने, हे नांदगाव पेठेच्या बाजारात लहान पोरही जाणते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण गुंडाळून ठेवतो.

आमच्या मते प्रत्येक चित्रपटास प्रथम तीन प्रश्न विचारावेत. तो कोणत्या प्रकारचा आहे? त्याचा रस कोणता? आणि तो कोणासाठी काढलेला आहे?

२०१८ सालच्या 'नाळ' या चित्रपटाविषयी "त्यात काही घडतच नाही" असा आक्षेप आम्ही वर्गात ऐकला. मारामारीच्या चित्रपटाची गती तेथे शोधली, तर तो आक्षेप खरा वाटेल. परंतु आठ वर्षांच्या चैत्यास आपली आई ही आपली जन्मदाती नव्हे हे कळते, याहून मोठे ते काय घडावयाचे? जे घडते ते त्याच्या मनात घडते. शिवाय एरवी बहुधा हसविण्यापुरतीच योजिली जाणारी आपली वऱ्हाडी बोली तेथे मायलेकरांच्या दुःखाची भाषा झाली आहे, ही गोष्ट वऱ्हाडच्या मुलांनी तरी ध्यानात घ्यावी.

रसाचे उदाहरण म्हणजे परेश मोकाशी यांचा 'वाळवी' (२०२३). पत्नीच्या खुनाचा बेत आणि त्यावर प्रेक्षकांचे हसू! ही खुनाची थट्टा नव्हे. दुष्टांची फजिती पाहून येणारे ते कडवट हसू आहे. हा सूर ज्यास कळला नाही, त्याने घाईने निकाल देऊ नये. त्याच वर्षीच्या 'बाईपण भारी देवा' या चित्रपटास आमचे काही विद्यार्थी कंटाळले. परंतु सहा बहिणींची ती मंगळागौर त्यांच्यासाठी नव्हतीच. ती त्यांच्या आयांसाठी होती.

तथापि प्रकार सांगितला म्हणजे दोष माफ झाले, असे कोणी समजू नये. ज्या विनोदी चित्रपटाने हसविले नाही, तो फसलाच.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आम्ही स्वतः चुकून शिकलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' प्रदर्शित झाला. ऐतिहासिक चित्रपट म्हणजे इतिहासाचा धडाच, असे मानून आम्ही लहान-मोठ्या सर्व वर्गांस तो पाहण्याचा आग्रह केला. पुढे एक माता येऊन म्हणाली, "सर, लेकरू आठ दिवस रात्री दचकून उठत होतं." संभाजी महाराजांच्या अखेरच्या छळाची ती दृश्ये त्या बालकास सोसली नव्हती. चित्रपटाचा यात दोष नव्हता. त्यास 'सोळा वर्षांवरील' या गटाचे प्रमाणपत्र होते. ते आम्ही वाचले नव्हते. त्या मातेपुढे आमची मान खाली गेली.

२०२४ च्या नियमांनी असे तीन गट पाडले आहेत: सात, तेरा व सोळा वर्षांवरील. त्याहून लहान मुलास चित्रपट दाखवावा की नाही, हे पालकांनी ठरवावयाचे आहे. याचा अर्थ सरकारने आकडा दिला, परंतु निर्णय घरावर सोपविला.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, तिकीट काढण्यापूर्वी तो आकडा वाचावा, आणि घरी परतल्यावर मुलाशी दोन शब्द बोलावे. विद्यार्थ्यांनीही "मस्त" म्हणण्यापूर्वी ते तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. आणि शिक्षकांनी? त्यांनी शिफारस करण्याआधी चित्रपट स्वतः पाहावा. आम्ही आता तसे करतो.