ओटीपी न सांगताही खाते रिकामे

मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर, हिंगोली-वाशीम मार्गावर कनेरगाव नाका हे गाव आहे. अशा गावांतही पीक विम्याचा निरोप किंवा किसान सन्मान निधीच्या हप्त्याची खबर आता मोबाइलवरच येते. त्याच वाटेने 'पीएम किसान' नावाची एखादी 'एपीके' फाइलही येते, आणि बहुधा ओळखीच्याच क्रमांकावरून. शहरात तिचे नाव 'आरटीओ चलन' असते. लग्नसराईत ती निमंत्रणपत्रिका बनते. नाव काहीही असले तरी ती उघडून 'इन्स्टॉल' केली, की फोनमध्ये घुसखोर शिरलेला असतो.

संगणकाला 'व्हायरस लागला' म्हणजे काय, याची आपली कल्पना मात्र अजून फ्लॉपीच्या काळातील आहे. त्या वेळचे काही व्हायरस पडद्यावरची अक्षरे खाली गाळत, काही यंत्रच बंद पाडत. पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात 'क्विक हील' तयार केले, ते याच उपद्रवावर उतारा म्हणून. तेव्हाचा उपद्रव डोळ्यांना दिसत असे. आजच्या घुसखोराला दिसणे परवडत नाही.

सरसकट 'व्हायरस' म्हटल्याने आणखी एक घोटाळा होतो. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, 'वर्म' नेटवर्कमधून आपल्या पायांनी फिरतो, तर 'ट्रोजन' उपयुक्त वस्तूचा वेश घेऊन येतो आणि आपणच त्याला दार उघडतो. ही नावे तो कसा आला ते सांगतात. 'रॅन्समवेअर', 'स्पायवेअर', 'कीलॉगर' ही नावे तो आत येऊन काय करतो ते सांगतात. लक्षणे ठरतात ती या दुसऱ्या गोष्टीवरून.

महाराष्ट्राने याची दोन टोके पाहिली आहेत. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या 'नॉटपेट्या'ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा ठप्प केली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले. तेथे लक्षण शोधावे लागले नाही. ३०० डॉलरची बिटकॉइनमधील खंडणी मागणारा मजकूर बाधित संगणकांच्या पडद्यावर झळकत होता. खंडणी हा देखील देखावाच होता. पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

दुसरे टोक पुण्यातील कॉसमॉस बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, 'स्विफ्ट' यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एटीएममध्ये कार्ड घातले, की पैसे द्यायचे की नाही हे बँकेच्या यंत्रणेला विचारले जाते. मालवेअरने हा प्रश्न मध्येच अडवला आणि हल्लेखोरांनी उभारलेल्या बनावट यंत्रणेने त्याला परस्पर होकार दिला. ग्राहकांच्या खात्यांना हात लागला नाही, असे बँकेने स्पष्ट केले. खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्नच पोहोचला नाही, तर ती तक्रार तरी कशाची करणार? या प्रकरणी ११ जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवले.

मोबाइलमधील ट्रोजन याच दुसऱ्या जातीचा. तो एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो, कित्येकदा 'ॲक्सेसिबिलिटी' ही अपंगांसाठी असलेली सुविधा मागतो आणि ती मिळाली की आपले चिन्ह पडद्यावरून पुसून टाकतो. ॲप टाकले पण ते दिसत नाही, हे म्हणूनच सर्वांत ठळक लक्षण मानावे. बँकेचे संदेश येईनासे होणे, आपण न पाठवलेला निरोप आपल्याच नावाने नातेवाइकांना जाणे, एखादी परवानगी काढून घेताना सेटिंगचे पान आपोआप मिटणे, ही त्यानंतरची. फोन तापणे आणि बॅटरी लवकर उतरणे यांचा फार बोलबाला आहे. पण जुना फोन घुसखोराविनाही तापतो.

'ओटीपी कोणालाही सांगू नका' या वर्षानुवर्षांच्या सरकारी आणि बँकांच्या प्रचाराची मर्यादाही येथेच उघडी पडते. हा ट्रोजन ओटीपी विचारत नाही, वाचतो. ज्याने तो कोणालाही सांगितला नाही, त्यालाच मग बँकेच्या खिडकीवर निष्काळजी ठरवले जाण्याची भीती असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अशा व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले होते. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला, तरी त्याने कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, असेही त्यात म्हटले होते. कळवल्याची वेळ इतकी मोलाची असताना ती नोंदवून घेण्याचा आग्रह फार थोडे ग्राहक धरतात.

संशय आला की फोन प्रथम 'फ्लाइट मोड'वर टाकावा, वायफायही बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच यंत्रावरून. ॲप निघत नसेल तर फोन 'फॅक्टरी रीसेट' करण्यास पर्याय उरत नाही. मात्र पुराव्यासाठी आलेला निरोप आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक यांचे छायाचित्र त्याआधी घ्यावे.

पुण्या-मुंबईतील अनेक घरांत आईवडिलांचा फोन मुलानेच घेऊन दिलेला असतो आणि त्यावर बँकेचे ॲपही त्यानेच टाकलेले असते. गावी गेल्यावर त्या फोनच्या सेटिंगमध्ये तीन ठिकाणी पाहायला पाच मिनिटे पुरतात : बाहेरून ॲप टाकण्याची मुभा कोणाला आहे, 'ॲक्सेसिबिलिटी' कोणाकडे आहे आणि एसएमएससाठी मुख्य ॲप म्हणून कोणाचे नाव आहे.